कोणाचं घर कोणत्या रोहित्रावर

स्मार्ट ग्रिडच्या पहिल्या टप्प्यासाठी आमच्या वीज वितरण उपविभागाची निवड झाली, तेव्हा बैठकीत सगळी चर्चा मीटरचीच होती. किती येणार, कोण बसवणार, काढलेले जुने कुठे ठेवायचे. मी त्या बैठकीत एकच गोष्ट मागितली: आपला कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आहे, त्याची खरी यादी. बिलिंगच्या सिस्टिममध्ये प्रत्येक ग्राहकापुढे रोहित्राचा क्रमांक होताच, त्यामुळे काहींना माझी मागणी अनाठायी वाटली. पण वितरणात काम केलेल्या कुणालाही विचारा. तो क्रमांक बहुतेक वेळा जोडणी दिली त्या दिवशीचा असतो. पुढे कुठली लाइन कुठे वळवली, कुठला भार कुणाच्या माथी आला, हे कागदाला कुणी कळवलेलं नसतं.

या यादीसाठी मी इतकी अडून का बसले, ते आधी सांगते.

उपकेंद्रापासून घरापर्यंत प्रत्येक टप्प्यावर मोजमाप, मोजलेलं एका जागी आणून पोचवणारं संपर्कजाळं, आणि त्या माहितीच्या आधारे लांबून स्विच चालू-बंद करायची सोय, एवढं जमलं की त्याला स्मार्ट ग्रिड म्हणायला हरकत नाही. इटलीने हे काम 2001 मध्ये हाती घेतलं आणि काही वर्षांत सुमारे 3 कोटी घरांचे मीटर बदलून टाकले. चीनने 2009 नंतर त्याहून कितीतरी मोठा पल्ला गाठला. विकसनशील देशांत याची गरज मात्र वेगळ्या दुखण्यातून येते. उपकेंद्रातून निघालेल्या विजेपैकी काही तारांमध्येच उष्णता होऊन जाते, काही आकडे टाकून ओढली जाते, काहीचं बिल निघतं पण पैसे येत नाहीत, आणि यातलं कुठे किती हे वितरण कंपनीला छातीठोकपणे सांगता येत नाही. भारतात 30 आणि 31 जुलै 2012 ला ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी 60 कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. त्यानंतर पारेषणाच्या बाजूला सेकंदात कित्येक वेळा मोजणी करणारी यंत्रं झपाट्याने बसली. वितरणाच्या टोकाला मात्र अजूनही महिन्यातून एकदा माणूस जाऊन आकडा लिहून आणत होता. पुढे 2015 मध्ये राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड मिशन आलं, 2021 च्या, वितरण सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या आरडीएसएस योजनेत 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं लक्ष्य ठेवलं गेलं. बातम्यांमध्ये तेवढा 25 कोटींचा आकडा गाजला. त्याच योजनेत फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून रोहित्रांकडे जाणाऱ्या लाइनवर, आणि रोहित्रांवरही मीटर बसवायचं ठरलं होतं, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

कारण हिशेब तिथे लागतो. रोहित्राच्या मीटरवरून 100 युनिट गेले, त्यावरच्या सगळ्या घरांच्या मीटरची बेरीज 85 आली, तर गळती 15. आता समजा, दहा घरं प्रत्यक्षात या रोहित्रावर आहेत पण नोंदीत शेजारच्या रोहित्रावर. मग इथली गळती 30 दिसेल आणि शेजारी चक्क उणे. रोहित्रातून गेली त्यापेक्षा जास्त वीज घरांनी वापरली, असा त्याचा अर्थ होतो, आणि तसं होणं शक्यच नाही. अशा आकड्यांवर विसंबून पथक पाठवलं तर ते चुकीच्या गल्लीत जाणार आणि भलत्याच माणसांची दारं वाजवणार.

म्हणून मीटर बसवायच्या आधी ग्राहक अनुक्रमणाचं काम. आम्ही त्याला नुसतं इंडेक्सिंग म्हणायचो.

कंत्राटदाराच्या मुलांकडे मोबाईल होते, ॲप होतं, नकाशा होता. लाइनची ओळख नव्हती. ती आमच्या वायरमनकडे होती. त्यामुळे मी प्रत्येक जोडीत एक वायरमन पुढे आणि मुलगा मागे, असं लावून दिलं. आमच्या सगळ्यात जुन्या वायरमनबरोबर मी स्वतः फिरले. एका डीपीचं, म्हणजे रोहित्राखालच्या वितरण पेटीचं, दार त्यांनी उघडलं. आत लघुदाबाच्या चार केबली बाहेर पडत होत्या, केबलीच्या टोकांचे दोन लग जळून काळे झालेले, एका फेजला फ्यूजच्या जागी नुसती तार वळवलेली. आमच्या आराखड्यात केबली तीन होत्या. चौथी कुठली, असं विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ही मागच्या वस्तीत जाते. तिथला रोहित्र जळाला होता ना, तेव्हा तात्पुरती टाकली होती. नवा रोहित्र आला, पण त्याच्यावर लोड झेपेना, म्हणून अर्धी वस्ती इकडंच ठेवली." मी विचारलं, कुणाला कळवलं होतं का? "त्या वेळच्या साहेबांना माहीत होतं." ते साहेब बदलून गेले, माहिती त्यांच्याबरोबर गेली. वायरमनला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्या रात्री अंधारात बसलेल्या वस्तीला त्यांनी वीज दिली होती, आणि कागद भरायला त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

नुसत्या सांगण्यावर आम्ही थांबलो नाही. रोहित्राच्या लघुदाब बाजूला एक यंत्र लावायचं, ते तारेतून खुणेचा सिग्नल सोडतं, आणि घराच्या मीटरपाशी दुसरं यंत्र धरलं की हे घर कोणत्या रोहित्रावर, कोणत्या फेजवर, ते दिसतं. जिथे वायरमन आणि यंत्र यांचं जमेना, तिथे आधी कळवून थोडा वेळ रोहित्र बंद केला आणि कोणाकोणाची वीज गेली ते घरोघर जाऊन पाहिलं. खांबांवर क्रमांक रंगवले. मीटरच्या पेटीवर खांबाचा क्रमांक लिहिला. काम किचकट आणि कंटाळवाणं होतं, त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. वरून सारखी विचारणा होई: मीटर किती बसले? कंत्राटदारालाही पैसे मीटरमागे मिळणार होते, त्यामुळे इंडेक्सिंग त्याला अडथळा वाटे. शेवटी आम्ही कराराच्या अटींमध्येच मार्ग काढला. रोहित्रावरची सगळी घरं जोडून झाली आणि रोहित्राचा हिशेब पटण्याजोगा लागला, की त्या रोहित्राचे राखून ठेवलेले पैसे सुटतील, अशी अट घातली. त्यानंतर कंत्राटदाराचा पर्यवेक्षक स्वतः वायरमनच्या घरी जाऊन जुन्या जोडण्या विचारू लागला. असा प्रकल्प हाती घेणाऱ्या प्रत्येक वितरण कंपनीने निविदेतच ही अट लिहावी, असं मी आग्रहाने सांगेन.

संपर्काच्या भागाबद्दल थोडक्यात. पर्याय दोन होते. एक, मीटरमीटरमध्ये रेडिओचं जाळं, ज्यात एका मीटरचं रीडिंग दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सरकत गेटवेपर्यंत, म्हणजे ते गोळा करून पुढे पाठवणाऱ्या यंत्रापर्यंत, जातं. दुसरा, प्रत्येक मीटरमध्ये मोबाईलचं सिम. घरं दाट तिथे रेडिओचं जाळं उत्तम चालतं, घरं विरळ झाली की तुटतं. सिम कुठेही चालतं, पण तळघरातल्या लोखंडी पेटीत बसवलेल्या मीटरचा आवाज बाहेर येत नाही, आणि मोबाईल कंपन्या जुन्या पिढीचं नेटवर्क बंद करायला लागल्या तर मीटर धडधाकट असूनही मुका होतो. मीटरचं आयुष्य दहा वर्षांच्या घरात धरलं जातं, नेटवर्कची पिढी तेवढी टिकेलच याची खात्री कुणी देत नाही. आम्ही दोन्ही मिसळून घेतलं आणि संपर्काचा भाग मीटरमधून वेगळा काढून बदलता येईल अशीच मॉडेल स्वीकारली. प्रत्येक मीटर दर पंधरा मिनिटांनी नोंद करतो, म्हणजे दिवसाला 96 नोंदी. एक लाख मीटर असले तर एका दिवसात 96 लाख. एवढी माहिती साठवायची, तपासायची, सुटलेली पुन्हा मागवायची, यासाठी माणसं लागतात, हे मंजुरीच्या कागदांत फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं.

मीटर बसायला लागले आणि लोक ऑफिसात यायला लागले.

तक्रार एकच: नवा मीटर पळतो. ही तक्रार मी कधी उडवून लावली नाही, कारण बिल वाढलेलं खरंच होतं. कारणं मात्र घरागणिक वेगळी. चकतीचे जुने मीटर वर्षानुवर्षं झिजलेले असतात, चकती जड होते, आणि एखादा दिवा किंवा चार्जर एवढाच भार असला तर ती हलतसुद्धा नाही. नवा मीटर तेवढंही मोजतो. काही घरांना मागे कित्येक महिने सरासरी बिल येत होतं, रीडिंग घेतलंच जात नव्हतं, आणि मीटर बदलताना जुना शिल्लक आकडा एकदम बिलात आला. काही ठिकाणी बसवताना वायर टर्मिनलमध्ये नीट आवळली नव्हती, तिथली तक्रार तर आमच्या कामाचीच होती. यावर आम्ही सरळ मार्ग धरला. ज्याला शंका असेल त्याच्या नव्या मीटरशेजारी दुसरा तपासणी मीटर बसवायचा, दोन्हींचे आकडे ग्राहकाने स्वतः वहीत लिहायचे. भारतातही ग्राहकांच्या विश्वासासाठी काही टक्के ठिकाणी असे तपासणी मीटर बसवायला सांगितलं गेलं आहे. आमच्याकडे त्याचा खरा उपयोग एवढा झाला की वही ग्राहकाच्या हातात होती. आकडे आम्ही सांगत नव्हतो, तो सांगत होता.

पण एक प्रकार असा होता, ज्यात मीटर चोख आणि ग्राहकही प्रामाणिक, तरी बिल चुकीचं. याविषयी मला सविस्तर लिहायचं आहे, कारण अशा घरांवर चोरीचा शिक्का बसण्याची भीती सगळ्यात जास्त असते.

सिंगल फेज स्मार्ट मीटर फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा, असे दोन्ही करंट मोजतो. घरात सगळं सरळ असेल तर दोन्ही सारखे असतात. कुणी न्यूट्रल सोडून अर्थिंगवर भार चालवला तर ते जुळत नाहीत, म्हणून चोरी पकडण्यासाठी बनवलेल्या या मीटरमध्ये जो करंट जास्त त्यावर युनिट मोजले जातात, आणि मीटर तशी घटना नोंदवून वर पाठवतो. सिस्टिममधून अशा घरांची यादी निघाली आणि भरारी पथकाकडे गेली. त्यात एकाच आवारातली, भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं होती. दोन्ही एकदम यादीत आल्याने मला खटकलं. पथकाला थांबायला सांगून मी मीटर तपासनीसाबरोबर तिथे गेले.

दुसऱ्या घरात एक बाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. आम्ही कशासाठी आलो, हे त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसलं. "मॅडम, मला चोरी करायची असती तर दर महिन्याला बिल घेऊन तुमच्या ऑफिसात भांडायला आले असते का?" मी म्हटलं, मावशी, चोरी कुणी म्हणत नाहीये, आधी मला वायर बघू द्या. तपासनीसांनी टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र, लावला. त्यांच्या मीटरला फेजमध्ये 3 अँपिअर, न्यूट्रलमध्ये शून्य. शेजारच्या घराच्या मीटरला फेजमध्ये 2 आणि न्यूट्रलमध्ये 5. क्षणात सगळं स्पष्ट झालं. ते पूर्वी एकच घर होतं. वाटणी झाली, भिंत उभी राहिली, दुसरा मीटर आला, पण आतल्या वायरिंगचं न्यूट्रल एकच राहिलं. मावशींच्या घरात आलेला करंट शेजारच्या न्यूट्रलमधून परत जात होता. जुन्या मीटरना याने काही फरक पडत नव्हता, कारण ते फक्त फेज मोजायचे. नवा मीटर मावशींचे 3 अँपिअर मोजत होता आणि शेजाऱ्याचे 5. खरा वापर दोघांचा मिळून 5, मोजला जात होता 8. शेजारचे गृहस्थ गेले दोन महिने मीटर पळतो म्हणून सांगत होते, ते अक्षरशः खरं होतं.

वायरमननी तिथल्या तिथे न्यूट्रल वेगळं केलं, टेस्टर पुन्हा लावला, दोन्हीकडे आकडे जुळले. शेजाऱ्यांचं बिल दुरुस्त करायला वेळ लागला, कारण बिलिंगच्या सिस्टिममध्ये अशा दुरुस्तीला रकानाच नव्हता. तो करून घ्यावा लागला. त्याच रोहित्राची गळती आम्हाला फार कमी दिसत होती आणि आम्ही त्यावर खूश होतो. तेही यामुळेच होतं. घरांची बेरीज फुगली होती, म्हणून गळती लपली होती.

मग आम्ही यादी नव्याने तपासली. एकाच पत्त्यावर दोन-तीन मीटर आणि करंट न जुळण्याची घटना, अशी घरं बाजूला काढली. वाटण्या झालेली घरं, मालक-भाडेकरूंची घरं, मजल्यावर मजला चढवलेली घरं. त्यातल्या बहुतेक ठिकाणी सामाईक न्यूट्रल निघालं. त्यानंतर नियम झाला: अशी घटना आली तर आधी वायरमन टाँग टेस्टर घेऊन जाईल, पथक नंतर. खरी चोरीही सापडली, नाही असं नाही. टर्मिनलच्या आधीच वायर सोलून घेतलेली, भिंतीत लपवलेली. तिथे कारवाई झालीच पाहिजे आणि झाली. पण संगणकाने काढलेली यादी पुरावा म्हणून वापरायला मी अजूनही तयार नाही.

आता लांबून वीज तोडण्याचा विषय. स्मार्ट मीटरमध्ये रिले असतो, ऑफिसात बसून आदेश दिला की वीज बंद. वसुलीच्या दृष्टीने हे फार मोठं साधन आहे, आणि म्हणूनच त्याला लगाम हवा. 12 ऑगस्ट 2020 रोजी उत्तर प्रदेशात चुकीचा आदेश गेला आणि एक लाखाहून जास्त स्मार्ट मीटरची वीज एकदम बंद झाली. बिल भरलेल्यांचीसुद्धा. हे उदाहरण मी आमच्या प्रत्येक बैठकीत पुढे ठेवलं. त्यातून काही गोष्टी ठरल्या. एका आदेशात किती मीटर तुटू शकतात याला सिस्टिममध्येच मर्यादा. त्यापुढे जायचं तर दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांची मंजुरी. संध्याकाळी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तोडणं नाही. घरात श्वासाचं यंत्र किंवा तसं वैद्यकीय उपकरण असेल तर नोंद घेऊन तो मीटर यादीतून वगळायचा. शेवटच्या मुद्द्यावर वसुली विभागाशी बराच वाद झाला, लोक खोटं सांगतील असं त्यांचं म्हणणं. काही जण सांगतीलही. त्यापायी एखाद्याचा जीव धोक्यात घालायला माझी तयारी नव्हती.

प्रीपेडच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेचा मार्ग मला आजही विचार करण्यासारखा वाटतो. तिथे कित्येक वर्षांपासून 20 अंकी टोकन विकत घेऊन मीटरच्या बटणांवर टाकायची पद्धत आहे. मीटरला संपर्कजाळं लागतच नाही. टोकन हीच त्याची चावी. गरीब देशांत, जिथे नेटवर्क पोचत नाही, तिथे हे स्वस्तात चालतं, आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांनी ते घेतलं. पण ही टोकनं ज्या मानकावर चालतात त्यातलं वेळेचं मोजमाप 1993 पासून मिनिटांनी सुरू होतं आणि 24 नोव्हेंबर 2024 ला संपत होतं. त्यानंतर नवी टोकनं चालणार नव्हती, म्हणून त्या तारखेआधी जगभरातल्या कोट्यवधी मीटरमध्ये घरमालकांना बदलाचे खास अंक स्वतः टाकावे लागले. लांबून काही करता येत नसल्याची किंमत अशी कधीतरी एकदम द्यावी लागते. तरीही वीज कोण तोडतो, या प्रश्नाला त्या पद्धतीत एक स्पष्ट उत्तर आहे: पैसे संपले की मीटर आपोआप बंद होतो, ऑफिसातून चुकीचा आदेश जाण्याचा प्रश्नच येत नाही.

फीडरच्या बाजूचं काम आम्हाला त्यामानाने सोपं गेलं. उच्चदाब लाइनवर ठिकठिकाणी फॉल्टचा करंट कुठून गेला ते दाखवणारे निर्देशक बसले, काही रिंग मेन युनिट, म्हणजे लाइनचे भाग जोडायचे-तोडायचे स्विच, लांबून चालवता येऊ लागले. पूर्वी फीडर ट्रिप झाला की रात्री टॉर्च घेऊन खांब न् खांब बघत जायचं. आता निदान कोणत्या दोन बिंदूंमध्ये दोष आहे ते आधी कळतं, बाकीच्या भागाची वीज दुसऱ्या बाजूने देता येते, आणि माणूस थेट तिथे जातो. मात्र हाताने चालवायची सोय कुठेच काढू दिली नाही. 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षातले संगणक ताब्यात घेऊन उपकेंद्रांतले ब्रेकर उघडले होते, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली, कारण तिथली माणसं गाड्या काढून उपकेंद्रांत गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने लावले. आमच्याकडे वर्षातून ठरावीक वेळा नियंत्रण कक्ष बाजूला ठेवून सगळं हाताने चालवायचा सराव होतो, त्यामागे हीच घटना आहे.

या सगळ्यातून लोकांना प्रत्यक्ष काय मिळालं, असं कुणी विचारलं तर मी व्होल्टेजचं नाव आधी घेते. प्रत्येक मीटर व्होल्टेज मोजतो, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण त्याचं बिल होत नाही. मी लाइनच्या शेवटच्या खांबांवरच्या घरांची संध्याकाळची व्होल्टेज काढायला लावली. 230 च्या जागी कुठे 190, कुठे 170. पंखा फिरतो पण वारा लागत नाही, पंपाची मोटार गुरगुरते आणि जळते. ही माणसं वर्षानुवर्षं तक्रार करत होती आणि आमचा माणूस दुपारी जाऊन मोजून यायचा, दुपारी व्होल्टेज व्यवस्थित असायचं. आता पंधरा मिनिटांचा आलेख समोर होता, नाकारायला जागा नव्हती.

अशा एका रोहित्रावर गळती बरीच जास्त होती आणि चोरीचा भाग म्हणून तो बदनाम होता. फेजनिहाय भार पाहिला तर निम्म्याहून जास्त घरं एकाच फेजवर. खांबावर चढलं की जी तार हाताला सोपी, तिच्यावर जोडणी होते, असं होत होत ती फेज भरून गेली होती. तारेतली गळती करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट तर गळती चौपट. म्हणजे एका तारेवर सगळा भार लादला तर वीज जळते, व्होल्टेज पडतं, आणि कमी व्होल्टेजवर काही उपकरणं उलट जास्त करंट ओढतात. वायरमननी दोन दिवस शटडाऊन घेऊन घरं तिन्ही फेजवर वाटली. लांबलेल्या टोकाला एक लहान रोहित्र दिला. गळती खाली आली, आणि कुणाच्याही घरावर छापा घालावा लागला नाही. त्या वस्तीबद्दल आमच्याच लोकांच्या तोंडी जे शब्द असायचे, ते मी ऐकले आहेत. त्या वस्तीची माफी मागायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

याच व्होल्टेजच्या नोंदींनी इंडेक्सिंगचीही राखण होते. एका रोहित्राच्या एका फेजवरच्या सगळ्या घरांचं व्होल्टेज साधारण एकाच तालात वरखाली होतं. एखाद्या घराचा आलेख शेजारच्या रोहित्राशी जास्त जुळायला लागला, की कुणीतरी खांबावरचा जंपर, म्हणजे जोडतार, बदलला हे कळतं. मग वायरमनला फोन जातो, आणि त्यांनी ॲपमध्ये नोंद केली की यादी दुरुस्त होते. त्यांना आता या नोंदीचं महत्त्व पटलं आहे, कारण चुकीच्या यादीमुळे होणारी त्यांचीच पायपीट वाचते.

सध्याचं काम वेळेनुसार दराचं आहे. भारतात 2023 च्या नियमांनी उन्हाच्या तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत जास्त, असा मार्ग घालून दिला. छतावरच्या सौर पॅनेलांमुळे दुपारी वीज जास्त होते, लाइनच्या टोकाला व्होल्टेज उलट चढतं, आणि सूर्य मावळला की सगळा भार एकदम ग्रिडवर येतो. पाकिस्तानात 2024 या एका वर्षात सुमारे 17 गिगावॅटचे पॅनेल आयात झाले, त्यामुळे हा प्रश्न आता पुढारलेल्या देशांपुरता उरलेला नाही. दर बदलायला माझी हरकत नाही. पण ज्या बाईला आपली वीज कोणत्या तासाला किती जाते हे कधी दाखवलंच नाही, तिला संध्याकाळचा जास्त दर लावणं मला मान्य नाही. ॲपमध्ये आलेख आहे, हे उत्तर पुरत नाही, कारण प्रत्येक घरात तसा फोन नसतो. म्हणून आमच्या प्रस्तावात मी एक अट घालून घेतली आहे: नवा दर लागू करण्याआधी निदान सहा महिने प्रत्येक छापील बिलावर त्या घराचा तासवार वापर आणि नव्या दराने झालं असतं ते बिल, दोन्ही शेजारी शेजारी छापायचं. छपाईचा खर्च वाढतो म्हणून वित्त विभागाचा आक्षेप आला आहे. त्यावरचं आमचं उत्तर नियामकांकडे गेलं आहे, आणि सुनावणीच्या वेळी तपासणी मीटरच्या वह्या लिहिलेल्या ग्राहकांपैकी काही जण स्वतः बोलायला येणार आहेत.